बसून धरायची काठी

दुकानात मासेमारीची काठी घ्यायला गेलात तर आधी खाली बसा. थेट फरशीवर, पाय पुढे पसरून, पाठ ताठ ठेवून. मग काठीला रीळ लावून मागा आणि तशीच हातात धरून बघा. दुकानदार जरा चमकेल, पण समजून घेईल. उभ्याने पसंत केलेली काठी आणि बसून वापरायची काठी यांत पुष्कळ अंतर असतं, आणि ते काउंटरपाशी उभं राहून कळत नाही. उभं असताना मुठीमागचा दांडा कमरेच्या बाजूने सहज निघून जातो. बसल्यावर तोच मांडीत रुततो, लाइफ जॅकेटच्या पट्ट्यात अडकतो. कयाकमध्ये माणूस पाण्यापासून जेमतेम वीतभर उंच बसलेला असतो. त्याला पाय रोवता येत नाहीत, मागे सरकता येत नाही. जे काही करायचं ते खांदा, कोपर आणि मनगट एवढ्यातच.

छत्रपती संभाजीनगरात राहून कयाक आणि गळ यांचा नाद लागलेल्या माणसाची नजर साहजिकच पैठणकडे वळते. शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर जायकवाडी, म्हणजे नाथसागर. १८ ऑक्टोबर १९६५ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ला इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत, सत्तावीस दरवाजे, आणि मागे डोळा पोचणार नाही एवढं पाणी. पण नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. रोहित पक्षी जिथे हिवाळा काढतात तिथे आपण मनात येईल तेव्हा होडी घालायची नसते. मासेमारीवर तर तिथल्या मच्छीमारांचं पोट आहे. म्हणून माझा सराव फुलंब्री तालुक्यातल्या एका पाझर तलावावर चालतो. तिथल्या मच्छीमार सोसायटीला विचारून, ठरलेले पैसे देऊन, आणि धरलेला मासा बहुतेक वेळा परत सोडून.

मी ज्या प्रकारची काठी वापरतो तिला बाजारात ‘बास रॉड’ म्हणतात. बास हा उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला मासा. मोठ्या तोंडाच्या बासचा जागतिक विक्रम २ जून १९३२ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात झाला, सुमारे दहा किलोचा. त्याची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडावं लागलं, आणि ती झाली जपानच्या बिवा सरोवरात. माशांच्या शौकिनांना ही बातमी गोड वाटली असेल. पण बिवामध्ये बास हा बाहेरून आलेला मासा आहे. त्याने तिथल्या मूळ माशांची दाणादाण उडवली, इतकी की जपानने कायदा करून त्याला उपद्रवी परक्या जातींच्या यादीत घातलं. तेव्हा बास आपल्याकडे नाही याचं मला दुःख नाही, आणि कुणी हौसेने आणू नये असं मला मनापासून वाटतं. आपल्याला मरळ पुरेशी आहे.

मरळ आणि बास यांचं नातंगोतं काही नाही, पण स्वभाव विलक्षण जुळतो. दोघंही दबा धरून बसणारे. पाणवनस्पती, बुडालेली बाभळीची खोडं, कमळाची पानं यांच्या सावलीत स्तब्ध राहायचं आणि भक्ष्य टप्प्यात आलं की झडप घालायची. दोघंही पिलांची राखण करतात. बासचा नर घरट्यापाशी पहारा देतो, तर मरळीचे आईबाप लालसर पिलांच्या थव्याखाली फिरत राहतात. पावसाळ्यात पाण्यावर असा थवा खदखदताना दिसला तर गळ टाकू नये. तेव्हा मरळ भुकेने चावत नाही, पिलांसाठी धावून येते, आणि ती उचलली की तासाभरात पिलं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. मरळीचं आणखी एक वैशिष्ट्य असं की ती हवेतूनही श्वास घेते. थोड्या थोड्या वेळाने वर येऊन ‘चुळूक’ असा आवाज करते, आणि शांत पहाटे तो आवाज माग काढायला पुरतो. रबरी बेडूक, मऊ नकली किडा, लहान जिग ही बाससाठी बनलेली आमिषं मरळीला तितक्याच जोरात भुरळ घालतात. म्हणूनच बासची काठी आपल्या तलावावर शोभते.

आता संवेदनशील काठी म्हणजे काय? आमिष तळावर ओढत आणताना त्याला दगड लागला, गाळ लागला, फांदी घासली, की माशाने ते तोंडात घेऊन लगेच थुंकलं, हे हाताला वेगवेगळं कळलं पाहिजे. पाणी गढूळ असेल तर दुसरी खबरच नसते. डोळ्यांचं काम बोटांना करावं लागतं.

हे काम सर्वात चांगलं करताना मी एका माणसाला पाहिलं आहे, आणि त्याच्याकडे काठीच नाही. त्या तलावावरचे एक भोई मामा थर्माकोलच्या जाड तुकड्यांचा तराफा करून त्यावर बसतात. वाडवडील वाळल्या भोपळ्यांची सांगड वापरायचे, असं ते सांगतात. आपण दोन गोष्टींची ‘सांगड घालतो’ ती हीच, भोपळे बांधून नदी ओलांडायची. मामा तंगूस थेट हातात धरतात, तर्जनीच्या पहिल्या पेरावरून नेलेला. ते पेर तंगुसाने घासून घासून गुळगुळीत झालं आहे. पहिल्या भेटीत माझी काठी पाहून त्यांनी विचारलं, “दादा, एवढी लांब कशाला? बोट हाय की.”

त्यांचं बरोबर होतं. काठी हवी ती आमिष लांब फेकण्यासाठी, मासा ओढताना झटका सोसण्यासाठी, आणि गळ खोवण्यासाठी. कळण्यासाठी नव्हे. कळण्याच्या बाबतीत काठी ही अडचणच असते. गळ आणि बोट यांच्यामध्ये ती उभी राहते. चांगली काठी ती, जी ही अडचण कमीत कमी करते. मला या सगळ्या विषयात एवढंच सांगायचं आहे. बाकी सारं यातूनच निघतं.

काठीचा इतिहासही याच दिशेने गेलेला दिसतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतले कारागीर कलकत्त्याहून जहाजाने येणारा बांबू वापरत. त्या बांबूचं नावच ‘कलकत्ता केन’ पडलं. बांबू चिरून त्रिकोणी पट्ट्या काढायच्या आणि सहा पट्ट्या डिंकवून षट्कोनी काठी करायची. पुढे चीनच्या टोंकिन बांबूने कलकत्त्याला मागे टाकलं. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आला. तो चिवट, स्वस्त, पण जड. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या फेनविक कंपनीने कार्बन तंतूची काठी बाजारात आणली आणि चित्र पालटलं. साधा कार्बन तंतू काचतंतूच्या तिपटीहून ताठ असतो आणि तरी वजनाला हलका. हलकं आणि ताठ टोक बारीकसा धक्काही गिळत नाही, तो दांड्यातून खाली पोचवतं. जड, मऊ टोक तो स्वतःच्या डुलण्यात जिरवून टाकतं.

दुकानात २४ टन, ३० टन, ४० टन असे आकडे ऐकायला मिळतात. हा तंतूचा ताठरपणा, काठी किती वजन उचलते त्याचा आकडा नव्हे. आकडा मोठा तसा तंतू ताठ, आणि तसाच ठिसूळही. शिवाय काठीत तो तंतू किती वापरलाय, राळ किती ओतलीय, हे त्या आकड्यातून कळत नाही. कयाकमध्ये काठी वल्ह्यावर आपटते, कडेला घासते, पायाखाली येते. बारीक ओरखडा आज दिसत नाही, पुढच्या महिन्यात मासा लागल्यावर तिथेच काठी मोडते. म्हणून माझं मत साधं आहे. लहान होडीसाठी मधल्या आकड्याची, बऱ्यापैकी जाड भिंतीची काठी घ्यावी आणि वाचलेले पैसे चांगल्या दोरीवर घालावेत.

कारण निम्मी खबर दोरीत हरवते. साधा नायलॉनचा तंगूस जोर लागला की लांबीच्या पंधरा-वीस टक्क्यांपर्यंतही ताणला जातो. विणलेली पॉलिएथिलीनची दोरी जवळजवळ ताणलीच जात नाही. त्यातून वारा. वाऱ्याने कयाक सरकते, दोरीला पोट सुटतं, आणि मग कितीही महागडी काठी मुकी होते. टोक पाण्यालगत ठेवायचं, दोरी सरळ ठेवायची आणि एक बोट दोरीवर. म्हणजे शेवटी मामांचंच तंत्र.

घरी एक चाचणी करून बघा. दोरीला पाव औंसाचं शिसं बांधा, घरच्यांना ते लांब ओट्यापाशी ठेवायला सांगा. वाटेत थोडी मोकळी फरशी, मग गोणपाट, मग पायपुसणं. डोळे मिटून, खाली बसून, हळूहळू ओढा. फरशीचे सांधे टिकटिक करत जातील, गोणपाटावर खरखर येईल, पायपुसण्यावर सगळं बोथट होईल. ज्या काठीत या तिन्ही जागा डोळे मिटून सांगता आल्या ती कामाची. माझ्याकडच्या दोन काठ्यांपैकी स्वस्तातली यात सरस ठरली. कारण तिचा तोल रिळाच्या किंचित पुढे येतो आणि मूठ घट्ट आवळावी लागत नाही. आवळलेल्या मुठीला काही कळत नाही.

लांबी साडेसहा ते सात फूट. याहून आखूड काठीला कयाकचं नाक ओलांडता येत नाही. मासा होडीखालून दुसऱ्या बाजूला गेला की टोक नाकावरून फिरवून पलीकडे न्यावंच लागतं, नाहीतर दोरी होडीच्या बुडाला घासून तुटते. मागची मूठ कोपराच्या अलीकडे संपावी. दोन तुकड्यांची काठी घ्या. एसटीत आणि मोटारसायकलवर सात फुटांचा सलग दांडा नेणं म्हणजे हाल आहेत. जोर मध्यम किंवा त्याहून थोडा जास्त, आणि वाक मुख्यतः टोकाच्या तिसऱ्या हिश्श्यात. झाडीत बेडूक फेकायला किनाऱ्यावरचे लोक फार जाड काठी वापरतात. होडीत ती नको. होडी स्वतःच माशाबरोबर ओढली जाते, हिसका तिथेच मुरतो, आणि बसलेल्या माणसाला एवढी कडक काठी वाकवायला जोर लावायला जागाच नसते.

पहिली चांगली काठी मी स्वतःच्या चुकीने मोडली. दीड किलोची मरळ होडीलगत आली होती. तिला जवळ घ्यायला मी काठी सरळ डोक्यावर, मागे नेली. सगळा भार टोकाच्या शेवटच्या वीतभर भागावर आला आणि फटाक्यासारखा आवाज झाला. होडीत मासा हाताच्या अंतरावर असतो, म्हणून ही चूक तिथेच सर्वांत जास्त होते. काठी आडवी ठेवून, दोरी थोडी सोडून, जाळीत मासा घ्यायचा.

आणखी एक गोष्ट, आणि ही जीवावरची आहे. कार्बन वीज वाहून नेतो. तलावाच्या काठावरून विजेच्या तारा गेलेल्या असतील तर त्यांच्याखाली काठी उभी करू नका. मराठवाड्यात मे-जूनमध्ये आभाळ भरून आलं की वीज पडून माणसं, जनावरं जातात, हे आपण दरवर्षी ऐकतो. उघड्या पाण्यावर सात फुटी कार्बनचा दांडा हातात धरलेला माणूस त्या आभाळाखाली असता कामा नये. पहिला गडगडाट ऐकला की काठी आडवी करून किनारा गाठायचा.

गेल्या हिवाळ्यात मी मामांना माझी काठी धरायला दिली. त्यांनी मूठ धरली नाही. रीळ तळहातावर ठेवलं आणि तर्जनी दोरीवर टेकवली. आमिष तळाला गेलं. ते हळूहळू ओढू लागले.

“दगूड,” ते म्हणाले. थोड्या वेळाने, “गाळ.” मग थांबले. काठीचं टोक हललंसुद्धा नव्हतं. “झाड हाय इथं. बाभळ.”

आम्ही होडी त्या जागी नेली. पाण्याखाली हातभर अंतरावर काटेरी फांद्या दिसत होत्या.