रूळ वेगळे, डबा एकच

पूर्वी पाचोरा ते जामनेर धावणारी छोटी गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना माझे म्हणणे चटकन पटेल. तो रूळ अवघा ७६२ मिलिमीटर रुंदीचा, तर शेजारचा मुंबई-भुसावळचा १६७६ मिलिमीटरचा. प्रवासी असो की माल, पाचोऱ्याला उतरायचे आणि दुसऱ्या गाडीत चढायचे! उलट चाळीसगाव-धुळे फाटा मोठ्या रुळाचा. त्यामुळे २०२३ साली धुळे-दादर गाडी सुरू झाली तेव्हा धुळेकर आपल्या गावी बसला तो थेट दादरला उतरला.

संगणकाच्या दुनियेत आज अशीच रुळांची भाऊबंदकी चालू आहे. जळगाव-धुळ्यात संकेतस्थळे बांधून देण्याचा उद्योग मी करतो, म्हणून ही हकीकत सांगण्याचा मला थोडाफार अधिकार.

संकेतस्थळाचे पान म्हणजे सुट्या भागांची जुळणी. बटणे, तारखेचा चौकोन, नाव-पत्त्याचे रकाने हे ते भाग. ते जोडायला तयार सांगाडे मिळतात; त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. गूगलचा अँग्युलरजेएस २०१० साली आला, फेसबुकचा रिअॅक्ट २०१३ साली, तर इव्हान यू नावाच्या गृहस्थाचा व्ह्यू २०१४ साली. तिन्ही गुणी, पण एकाचा भाग दुसऱ्याला सहसा लागत नाही. घरात तीन कंपन्यांचे तीन कुकर असले की गृहिणीला रिंगा शोधताना जो ताप होतो, तोच हा! त्यात सांगाड्यांचे आयुष्यही बेताचे. अँग्युलरजेएसची अधिकृत देखभाल २०२१ च्या अखेरीस संपली.

सांगाडा बदलला की सारे भाग पुन्हा लिहावे लागतात, आणि भुर्दंड पडतो तो लहान संस्थांना. अशाच एका बदलाच्या वेळी एका पतपेढीचे चेअरमन मला म्हणाले, "भाऊ, बटन तर तेच दिसतंय. मग पैसे कशाचे?" प्रश्न अगदी रास्त होता. पैसे सभासदांचे होते, आणि हाती पडणार होते पूर्वीचेच बटण.

यावर तोड निघाली आहे. तिचे नाव वेब कंपोनंट्स. २०११ साली अॅलेक्स रसेल यांनी ही कल्पना मांडली. सुटा भाग सांगाड्याच्या मापाने न करता ब्राउझरच्याच मापाने करावा, हे तिचे सार. सांगाडा कोणताही घ्या, पान अखेर ब्राउझरमध्येच उघडते ना? मग रूळ तोच धरावा!

या भागांचे नियम मोठे गमतीचे आहेत. प्रत्येकाच्या नावात एक आडवी रेघ असलीच पाहिजे. म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्या नावांशी कधी घोळ होत नाही. शिवाय भागाला हवा तर 'सावलीचा' आडोसा करता येतो. ओसरीवर बसलेल्या पाहुण्याचा जसा माजघरात हात पोचत नाही, तसे बाहेरच्या पानाचे रंग-आकाराचे हुकूम त्या भागाच्या आत सहजी चालत नाहीत.

मात्र हे एका रात्रीत झाले नाही. क्रोम व सफारीमागून फायरफॉक्सने २०१८ साली याचा स्वीकार केला. अर्जातल्या रकान्यासारखे वागण्याची पुरी सोय सफारीत २०२३ साली आली. रिअॅक्टने तर पूर्ण मेळ २०२४ च्या डिसेंबरात, एकोणिसाव्या आवृत्तीत घातला. अजूनही अडचणी आहेतच. त्या आडोशामुळे साधा रंग बदलायचा तरी आधी दार ठेवावे लागते.

दुसरा मार्ग म्हणजे सर्वांनी एकच सांगाडा घेणे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांची सरकारी संकेतस्थळे शेजारी-शेजारी उघडून पाहा. सख्ख्या बहिणी वाटतील! दोन्ही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एस-थ्री-वास या एकाच व्यवस्थेवर उभी आहेत. सरकारला हे साधते. खुल्या बाजारात ज्याचा त्याचा सांगाडा वेगळाच राहणार.

तेव्हा वाचकहो, आपल्या दुकानासाठी, शाळेसाठी किंवा सोसायटीसाठी संकेतस्थळ करून घ्याल, तेव्हा रंग आणि चित्रे पसंत करण्याआधी एवढेच विचारा : "उद्या सांगाडा बदलला, तर यातले काय काय तसेच वापरता येईल?" उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर पैसे देण्याची घाई करू नका.