टोपणनाव, प्रतिरूप आणि जातीची खूण : चवदार तळे ते ‘बलुतं’

मराठी साहित्यात टोपणनावांची परंपरा समृद्ध आहे. कृष्णाजी केशव दामले ‘केशवसुत’ या नावाने ओळखले गेले. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने व विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने लिहिले. एकाच लेखकाने आपल्या तीन वृत्तींना तीन नावे दिली, असे म्हणता येईल. चिं. त्र्यं. खानोलकर कवितेपुरते ‘आरती प्रभू’ झाले, तर जयवंत दळवी यांनी ‘ठणठणपाळ’ होऊन साहित्यिकांची यथेच्छ थट्टा केली. या सर्वांचे मूळ नाव सुरक्षित होते. ते बाजूला ठेवता येई व हवे तेव्हा पुन्हा धारण करता येई. ज्यांच्या मूळ नावातच अवहेलना होती, त्यांच्या दुसऱ्या नावाचा विचार मात्र निराळ्या रीतीने करावा लागतो.

त्यासाठी महाडकडे वळावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडच्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम आहे : ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे निंदासूचक असावे. म्हणजे पाण्याप्रमाणे नावाचीही वाटणी शास्त्राने केलेली होती. या परिषदेच्या वेळी स्त्रियांपुढे बोलताना बाबासाहेबांनी जात ओळखू येईल अशी वस्त्रे व दागिने टाकून देण्यास सांगितले. नाव ही तशीच एक खूण होय. (दगडू, धोंडू ही नावे मूल जगावे म्हणून इतर जातींतही ठेवली जात, हे येथे नमूद केले पाहिजे; तथापि तेथे ती घरच्या श्रद्धेपोटी येत, हुकुमापोटी नव्हे.)

या दृष्टीने दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) हे आत्मकथन लक्षणीय ठरते. लेखकाचे जन्मनाव दगडू मारुती पवार. ‘कोंडवाडा’ (१९७४) या संग्रहाने कवी म्हणून मान्यता मिळालेला, सुशिक्षित दया पवार येथे श्रोता आहे आणि दगडू आपली कहाणी त्याला सांगतो. गडकऱ्यांच्या ठिकाणी कल्पित नाव मोकळेपणी बोलते. येथे मोकळेपणी बोलते ते जन्मनाव. मुखवटा असलाच तर तो प्रतिष्ठित नावाचा आहे. समाजाची लक्तरे चव्हाट्यावर मांडल्याची टीका या पुस्तकावर स्वकीयांकडूनही झाली. दुसऱ्या नावाआड दडण्याची सोय लेखकाला उपलब्ध होती. परंतु त्याने दोन्ही नावे वाचकांसमोर उघड ठेवली. मुखपृष्ठावर दया पवार आहेत, आतील ‘मी’ दगडूचा आहे.