थेंबाच्या जन्माचा मागोवा

हवा गार झाली की बाष्पाचे पाणी होते, असे आपण शाळेत शिकलो. ते खरे आहे, पण अपुरे. थेंबाला जन्मायला गारव्याइतकीच बसायला जागा लागते, आणि ही गोष्ट विज्ञानाला टप्प्याटप्प्याने उमगत गेली.

1871 मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी दाखवले की थेंब जितका लहान, तितके त्याचे पाणी लवकर उडून जाते. भोवतालची हवा अतिसंपृक्त नसेल, तर इवला थेंब झाला तसा विरतो. मग धुके पडते तरी कसे? उत्तर 1875 मध्ये फ्रान्सच्या कूलिये यांना आणि पुढे स्कॉटलंडच्या जॉन एटकेन यांना स्वतंत्रपणे मिळाले. एटकेन यांनी नेहमीच्या हवेत वाफ सोडली, तेव्हा दाट धुके झाले. कापसातून गाळलेल्या हवेत सोडली, तेव्हा काहीच दिसले नाही. थेंब धुळीच्या कणांवर बसत होते.

सर्वांत मोलाचे काम सी. टी. आर. विल्सन यांचे. सप्टेंबर 1894 मध्ये बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत असताना ढगांवरची रंगीत प्रभावळ पाहून ते भारावले. केंब्रिजला परतल्यावर दमट हवा एकदम प्रसरण पावू देऊन त्यांनी काचपात्रात ढग बनवले. धूळ पूर्ण काढून टाकली, तरी बाष्प संपृक्ततेच्या सुमारे चौपट झाले की थोडे थेंब पडत. सुमारे आठपटीला दाट धुके होई. 1896 मध्ये त्यांनी त्या हवेत क्ष-किरण सोडले, तर चौपटीलाच थेंबांची गर्दी झाली. विद्युतभारित आयनही थेंबाला आधार देतात, हे त्यातून कळले. 1911 मध्ये त्यांनी अदृश्य कणांच्या वाटा थेंबांच्या रेषांनी टिपल्या. 1927 चे नोबेल त्यासाठीच. 1932 मध्ये पॉझिट्रॉन हा कण सापडला तोही अशाच ढगपात्रात, म्हणजे क्लाउड चेंबरमध्ये.

थेंब नेमका केव्हा जन्मतो, हा प्रश्न वाफेच्या टर्बाइनच्या अभियंत्यांनाही पडला. वाफ इतक्या वेगाने प्रसरण पावते की संपृक्ततेची सीमा ओलांडूनही ती काही क्षण कोरडी राहते आणि मग एकदम धुके होते. ते पाणी पात्यांवर साचून जाड थेंब सुटतात, आणि शेवटच्या टप्प्यातली पाती झिजतात. 1926 मध्ये फोल्मर आणि वेबर, 1935 मध्ये बेकर आणि ड्योरिंग यांनी थेंबजन्माचे गणित मांडले: रेणूंचे पुंजके जुळतात, मोडतात, ठरावीक आकार ओलांडणाराच वाढतो. तरी मूठभर रेणूंचा पृष्ठताण नेमका किती धरायचा, हा पेच आजही आहे.

थेंबांना आधार लागतो, तर तो ढगांना बाहेरून द्यावा, या विचाराने 1946 मध्ये अमेरिकेत ढगांत बीजारोपण, म्हणजे बाहेरून कण सोडणे, सुरू झाले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 2009 पासून ‘काइपीक्स’ प्रकल्पात विमानांतून ढग आणि त्यांतले सूक्ष्मकण मोजले. या साऱ्या वाटचालीतून एक गोष्ट पक्की झाली आहे: बीजारोपणाने थेंबांना आधार देता येतो, बाष्प निर्माण करता येत नाही. कृत्रिम पावसाची घोषणा ऐकाल, तेव्हा ढगात मुळात पाणी किती आणि कण कोणते, हे दोन प्रश्न जरूर विचारा.