चौकटीचा कोपरा का उघडतो?

भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या एका हौशी सुताराने सागवानाची फोटो-चौकट जोडली. तीन कोपरे चपखल बसले, चौथ्यात मात्र नखभर फट. दोष लाकडाचा नव्हता. लाकूड कोनात कापणाऱ्या मायटर सॉचा होता.

चौकटीला 45 अंशांचे 8 काप लागतात. प्रत्येक काप अर्ध्या अंशाने चुकला, तर शेवटच्या कोपऱ्यापर्यंत 4 अंशांची चूक साचते.

तपासणी सोपी आहे. रुंद, सरळ फळी 90 अंशांत कापायची, एक तुकडा उलटा करायचा आणि दोन्ही तुकडे मागच्या आधारपट्टीला टेकवून कापलेल्या कडा जुळवायच्या. फट दिसली, तर खरी चूक तिच्या निम्मी.

दुरुस्तीआधी प्लग काढायचा. मग आधारपट्टीचे स्क्रू ढिले करून गुण्या लावायचा, पण पात्याच्या सपाट अंगाला. दाते बाजूला किंचित बाहेर आलेले असतात. गुण्या त्यांना टेकला की माप फसते. पाते टेबलाशी काटकोनात आहे का, तेही असेच पाहायचे.

दात्यांवर चिकटलेला राळेचा काळा थर पात्याला तापवतो आणि काप जाळतो. पाते काढून खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवायचे, जुन्या टूथब्रशने घासून पूर्ण कोरडे करायचे. भंडाऱ्याच्या पावसाळ्यात ओलसर पात्याला गंज लवकर चढतो.

तुमच्या चौकटीचा कोणता कोपरा उघडतोय?