विश्लेषण : आठवड्याच्या सहा तासिका आणि दहावीचे इंग्रजी… येरमाळ्यासारख्या गावात नियोजन जमते कसे?

येरमाळा म्हटले की येडेश्वरीची चैत्री यात्रा आणि चुनखडी वेचायला लोटणारी गर्दी आठवते. सोलापूर-धुळे महामार्गावरच्या, कळंब तालुक्यातल्या या गावात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर आणखी एक वेळापत्रक चालते. ते असते हायस्कूलच्या वर्गाचे. मराठी माध्यमातल्या बहुतेक मुलांना इंग्रजी ऐकायला मिळते ते फक्त वर्गात. त्यामुळे आठवड्याच्या पाच-सहा तासिकांत काय होते आणि काय राहते, यावर दहावीचा निकालच नव्हे तर अकरावीची शाखाही ठरते. म्हणूनच शिक्षकाच्या टाचण वहीला महत्त्व आहे.

टाचण म्हणजे नेमके काय?

शाळा जूनमध्ये उघडली की विषयशिक्षक वार्षिक नियोजन करतात. त्यातून महिन्याचे आणि घटकाचे नियोजन निघते. शेवटची पायरी म्हणजे पाठ टाचण. आज काय शिकवणार, कसे शिकवणार, मुलांना समजले हे कसे तपासणार आणि गृहपाठ काय देणार, हे त्यात लिहायचे असते.

या पद्धतीचे मूळ जर्मन विचारवंत योहान हर्बार्ट (१७७६-१८४१) यांच्या विचारात आहे. त्यांच्या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या ठरवल्या आणि बी. एड.च्या सराव पाठांतून त्या आपल्याकडे रुजल्या. १९९८ मध्ये ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय या अमेरिकी अभ्यासकांनी उलट्या नियोजनाची मांडणी केली. आठवड्याच्या शेवटी मुलाला काय करता आले पाहिजे हे आधी ठरवा, ते कसे तपासणार हे नंतर आणि धडा कसा शिकवणार हे सर्वांत शेवटी, असा तिचा क्रम आहे.

वर्षभरात वेळ किती मिळतो?

साधा हिशेब करू. जूनच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत सुमारे ३३ आठवडे होतात. २०२५ मध्ये दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली होती, त्यामुळे फेब्रुवारी धरता येत नाही. दिवाळी सुटी, सत्र परीक्षा, सराव परीक्षा, स्नेहसंमेलन आणि क्रीडास्पर्धा यांचे मिळून सहा आठवडे वजा केले तर उरतात २७.

आठवड्याला सहा तासिका धरल्या तर १६२ तासिका होतात. तासिका ४० मिनिटांची असेल तर एकूण वेळ भरतो १०८ तास. दिवसाच्या भाषेत सांगायचे तर साडेचार दिवस! हजेरी, सूचना आणि बदली तासिकांत जाणारा वेळ यातूनच जातो.

गुण कशाला आहेत?

मराठी माध्यमाची मुले 'माय इंग्लिश कोर्सबुक' हे बालभारतीचे पुस्तक अभ्यासतात. दहावीचे सध्याचे पुस्तक २०१८ मध्ये आले. लेखी परीक्षा ८० गुणांची असते. ढोबळ विभागणी अशी :

- भाषाभ्यास : १० गुण
- पुस्तकातील उतारे : २० गुण
- कविता : १० गुण
- पुस्तकाबाहेरील उतारा : १५ गुण
- पत्र किंवा तत्सम लेखन : १० गुण
- माहितीचे रूपांतर, कल्पनाविस्तार इत्यादी : १० गुण
- भाषांतर : ५ गुण

म्हणजे पुस्तकातील उतारे आणि कविता यांना थेट ३० गुण आहेत. उरलेले ५० गुण मुलाला स्वतः वाचता, समजून घेता आणि लिहिता येते का, यावर अवलंबून आहेत. वर्गात मात्र बरेचदा उलटे होते. धड्याचा ओळीओळीने मराठी अर्थ सांगण्यात चार तासिका जातात आणि पत्रलेखन 'नमुना उतरवून घ्या' यावर संपते. साप्ताहिक नियोजनाचा पहिला उपयोग हा तोल सावरण्यासाठी होतो.

एक आठवडा कसा आखता येतो?

दहावीच्या पुस्तकातील 'हिज फर्स्ट फ्लाइट' ही लिआम ओ'फ्लॅहर्टी या आयरिश लेखकाची कथा घेऊ. उडायला घाबरणारे समुद्रपक्ष्याचे पिल्लू आणि मासा दाखवून त्याला कड्यावरून झेप घ्यायला लावणारी आई, अशी ही गोष्ट आहे. मराठवाड्यातल्या अनेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो, पण विहिरीत पोहायला शिकताना मारलेली पहिली उडी त्यांना माहीत असते.

सोमवार : पुस्तक बंद. विहिरीतल्या पहिल्या उडीच्या वेळी काय वाटले, हे आधी मराठीत आणि मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत. त्यातून निघालेले आठ-दहा शब्द फळ्यावर.

मंगळवार : शिक्षक कथा मोठ्याने वाचतात, मुले ऐकतात. प्रश्न दोनच : पिल्लू कुठे आहे आणि त्याला भीती कशाची?

बुधवार : मुले जोडीने वाचतात. अडलेल्या शब्दाचा अर्थ आधी वाक्यावरून ओळखायचा, मग शब्दकोश पाहायचा.

गुरुवार : व्याकरण कथेतूनच. 'आय वॉज अफ्रेड ऑफ…' या साच्यात प्रत्येकाची स्वतःची तीन वाक्ये.

शुक्रवार : पोहायला शिकलेल्या मित्राला अभिनंदनाचे पत्र. कच्चा मसुदा वर्गात, पक्का घरी.

शनिवार : सकाळची शाळा. दहा मिनिटांची चाचणी, तीही या आठवड्याच्या आणि मागच्या आठवड्याच्या शब्दांवर. शिकलेले पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक विसरले जाते, हे हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच प्रयोगातून दाखवले होते. त्यामुळे उजळणीला 'वेळ उरला तर' असे म्हणून चालत नाही.

पन्नास मुले बोलणार कधी?

वर्गात ५० मुले असतील आणि एकेकाला उभे केले, तर पूर्ण तासिकेत प्रत्येकाच्या वाट्याला ४८ सेकंद येतात. तेही शिक्षक गप्प बसले तर! तेच दहा मिनिटांचे काम जोडीने दिले तर प्रत्येकाला पाच मिनिटे बोलायला मिळते. गोंगाट होतो, चुकाही होतात, पण तोंड उघडते.

याला गुणांचाही संबंध आहे. लेखी ८० सोडून उरलेले २० गुण तोंडी परीक्षा व अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. २०१९ च्या परीक्षेत भाषा विषयांचे हे गुण काढले होते. त्या वर्षी राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. त्यात या बदलाचा वाटा मोठा मानला गेला आणि पुढच्या वर्षी हे गुण परत आले.

वर्ग एक, पातळ्या तीन… मग?

'असर २०२२' या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात आठवीतील ४६.७ टक्के मुलांनाच सोपी इंग्रजी वाक्ये वाचता येत होती. म्हणजे नववीच्या बाकावर बसलेल्या अनेकांचा पाया अजून कच्चा असतो. एकच टाचण सगळ्यांना पुरत नाही.

यावर सोपा मार्ग म्हणजे उतारा एक, काम तीन. वाचायला अडखळणारी मुले शब्द आणि चित्रांच्या जोड्या लावतात, मधली मुले रिकाम्या जागा भरतात आणि पुढची मुले सारांश लिहितात. यासाठी वेगळे साहित्य लागत नाही, आदल्या दिवशीची पंधरा मिनिटे लागतात.

गावाचे कॅलेंडर का पाहावे लागते?

ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीनची काढणी सुरू होते आणि मोठी मुले शेतात लागतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील काही मुले आई-वडिलांबरोबर जातात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, तरी गळती पूर्ण थांबत नाही. एप्रिलमध्ये यात्रा येते. २०२५ मध्ये चैत्र पौर्णिमा १२ एप्रिलला होती आणि पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्याने ८ ते २५ एप्रिल या काळात ठेवल्या होत्या.

त्यामुळे नवा, अवघड घटक काढणीच्या पंधरवड्यात सुरू न करणे आणि त्या दिवसांत एका तासिकेत पूर्ण होणारे पाठ ठेवणे शहाणपणाचे. चार दिवसांनी परतलेल्या मुलाला मग मधूनच गोष्ट पकडावी लागत नाही. ऊसतोडीहून परतणाऱ्यांसाठी प्रत्येक घटकाचे एक पानी टिपण वर्गात टांगून ठेवता येते.

तयार टाचण किंवा 'एआय' चालेल का?

वर्षभराचे तयार टाचण पीडीएफमध्ये व्हॉट्सॲपवर फिरते. चॅटजीपीटीसारखी साधने तर मिनिटभरात आठवड्याचे नियोजन लिहून देतात. वही भरण्याचा वेळ त्याने वाचतो आणि तो शिक्षकांना हवाच आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामे शिक्षकांना देण्याची मुभा शिक्षण हक्क कायद्यानेच ठेवली आहे. पण आपल्या वर्गातल्या कोणत्या मुलाला 'वॉज' आणि 'वेअर'मधला फरक अजून कळलेला नाही, हे तयार टाचणाला माहीत नसते. ते शनिवारच्या चाचणीतूनच कळते. मसुदा तयार घेतला तरी सोमवारचा पाठ त्या चाचणीवरून बदलायला हवा.

पालकांना काय करता येईल?

इंग्रजी येत नसले तरी चालते. आठवड्यातून एकदा वही उघडून दोन गोष्टी पाहाव्यात : मुलाने स्वतः रचलेली वाक्ये आहेत का, की सगळे फळ्यावरून उतरवलेले आहे? आणि चुकांवर शिक्षकांची खूण आहे का? बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर मोफत मिळतात, पुस्तकातील क्यूआर कोड 'दीक्षा' ॲपवर उघडतात. घरातला स्मार्टफोन रोज दहा मिनिटे धडा ऐकण्यासाठी मिळाला, तर शाळेबाहेरही इंग्रजी कानावर पडते. वर्षाच्या १०८ तासांत ही भर लहान नाही : याच २७ आठवड्यांत ती ३१ तासांहून जास्त होते.