राखणदाराचा वाटा

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला आणि लोणावळ्यालगतच्या कुसगावसारख्या मावळातील गावांच्या जमिनीला नवे मोल आले. डोंगर, ओढे आणि रान यांच्या ओढीने शहरी माणूस येथे येतो; परंतु ते राखणाऱ्याचा मोबदला कोणाच्याही हिशेबात धरलेला नसतो. योगायोग असा की, त्याच वर्षी घाटाखाली, रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे याच प्रश्नाचे निराळे उत्तर शोधण्यास प्रारंभ झाला.

वेळासच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या रात्री येऊन शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परततात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र असूनही ही अंडी खणून नेली जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांनाच राखणदार केले. कुंपणाच्या आत अंडी सुरक्षित ठेवावयाची आणि सुमारे पावणेदोन महिन्यांनी बाहेर पडणारी पिले समुद्रात सोडावयाची, हे काम गावातील तरुणांनी अंगावर घेतले. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांतच उतरू लागले आणि त्यांच्या राहण्याजेवणाचे पैसे थेट त्या घरांत येऊ लागले. खणलेल्या अंड्याहून जिवंत पिलू अधिक मोलाचे ठरले.

अर्थात हा उपाय सर्वत्र लागू पडेल असे नाही. वेंगुर्ल्यानजीकच्या समुद्रातील खडकाळ बेटांवर भारतीय पाकोळी लाळेपासून घरटी बांधते. या घरट्यांना परदेशी बाजारात मोठी किंमत असल्याने त्यांची चोरी होत असल्याचे या शतकाच्या आरंभी याच संस्थेने उजेडात आणले. बेटावर गाव नाही, म्हणून शेजाऱ्याची राखणही नाही; तेथे सरकारी पहाऱ्यास पर्याय उरत नाही.

सामायिक मालमत्तेचा नाश अटळ असतो, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली प्रतिपादन केले होते. उलट, वापरणारेच नियम ठरवतात व पाळतात तेथे ती टिकू शकते, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवून दिले व २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सह्याद्रीतील माणसास हे अगदीच नवे नव्हे. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात अभ्यासलेल्या देवराया गावांनी अशाच नियमांनी पिढ्यान्‌पिढ्या राखल्या होत्या.

मात्र देवाचा धाक ओसरल्यावर त्या जागी काय येणार, हा खरा प्रश्न आहे. वेळासचे उत्तर आहे, राखणदाराचा वाटा. उद्या बाहेरचा भांडवलदार किनाऱ्यावर हॉटेल उभारील आणि गावकऱ्याच्या हाती केवळ झाडू उरेल, तर तो वाटाही संपेल व कासवाचा कैवारीही उरणार नाही. कुसगावच्या डोंगराबाबतही हाच हिशेब लागू आहे. रान राखणाऱ्या घरास रानाच्या उत्पन्नात हक्क नसेल, तर जमीन विकण्याबद्दल त्यास दोष देण्याचा अधिकार सहलीस येणाऱ्या शहरास राहत नाही.