विमानतळावरची झडती

मैत्रिणींनो, विमानात बसायची भीती आता आपल्यापैकी फारशी कुणाला उरलेली नाही. कुणाची लेक बंगळुरूला, कुणाचा भाऊ पुण्याला, तर कुणाची नणंद दुबईला. तिकीट मुलं काढून देतात, खिडकीजवळची जागासुद्धा तीच बघतात. भीती असते ती विमानाआधीच्या अर्ध्या तासाची. दारात बंदूकधारी जवान, पुढे ते टुंईटुंई वाजणारं यंत्र आणि मग पडद्याआड झडती. "चारचौघांत माझी पिशवी उपसली तर काय गं?" असं आमच्या आळीतल्या तीन-चार जणींनी तरी मला विचारलं आहे. खरं आहे त्यांचं. झडती हा शब्द आपण आजवर चोराच्या बाबतीतच ऐकलेला. तो आपल्या अंगाला लावून घ्यायचा म्हणजे पोटात गोळा येणारच.

आपल्या गोंदिया जिल्ह्याला तर हे सगळं नवंच. बिरसीची धावपट्टी तशी जुनी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी केलेली. पुढे तिथे वैमानिकांचं प्रशिक्षण सुरू झालं आणि आपण गच्चीवर पापड वाळवताना डोक्यावरून घिरट्या घालणारी लहान विमानं पाहू लागलो. प्रवाशांचं विमान मात्र १३ मार्च २०२२ ला उडालं, इंदूर-गोंदिया-हैदराबाद. ते काही महिन्यांतच बंद पडलं. मग १ डिसेंबर २०२३ पासून हैदराबादचं दुसरं विमान सुरू झालं, आणि तिरुपतीला जाणाऱ्या मंडळींना केवढा आनंद झाला! या सेवा सुरू होतात नि थांबतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करावी हे बरं. पुष्कळ जणी अजूनही गाडीने नागपूर गाठतात आणि सोनेगावहून विमान धरतात. तपासणीचे नियम दोन्हीकडे सारखेच.

हे सगळं आलं कुठून, ते थोडं सांगते. ३० जानेवारी १९७१ ला श्रीनगरहून जम्मूला निघालेलं 'गंगा' नावाचं विमान दोन तरुणांनी लाहोरला पळवून नेलं. त्यांच्या हातातलं पिस्तूल खोटं होतं आणि हातबॉम्बही खोटाच होता, हे मागाहून कळलं. म्हणून नातवाचं खेळण्यातलं पिस्तूल हातातल्या पिशवीत सापडलं की जवान ते काढून ठेवतो, तेव्हा त्याला हसू नये. २३ जून १९८५ ला 'कनिष्क' विमानात सामानातून ठेवलेला बॉम्ब फुटला नि ३२९ माणसं गेली. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारं विमान कंदाहारला नेलं गेलं. त्यानंतर, २००० सालापासून, विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, म्हणजे सीआयएसएफकडे सोपवायला सुरुवात झाली. तेव्हा तुमच्या पिशवीत हात घालणाऱ्या त्या मुलीचं तुमच्याशी काही वैर नाही.

आता पिशवी का उघडतात? यंत्राच्या आत क्ष-किरण असतात आणि पडद्यावर वस्तू रंगांत दिसतात. धातू निळा, आणि अन्न, कापड, कागद, साबण असं जे काही आहे ते नारिंगी. अडचण अशी की बरीचशी स्फोटकंही नारिंगीच दिसतात. डब्यात गच्च भरलेले बेसनाचे लाडू, तुपातली बर्फी, शेंगदाण्याच्या चिक्कीची वीट, हे सगळं पडद्यावर एक जाडजूड नारिंगी ढेकूळ. बघणाऱ्याला त्यातून आरपार दिसत नाही, म्हणून तो डबा उघडायला लावतो. कळलं ना? संशय तुमच्यावर नसतो, लाडवांवर असतो. डबा वरच ठेवावा, झाकण सहज निघेल असा. माझ्या जाऊबाई डब्याला कापड बांधून वर सुतळीच्या सात गाठी मारतात. त्या सोडेपर्यंत मागची रांग कुरकुरायला लागते, नि मग सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे.

पिशवी भरताना हातातली कुठली नि विमानाच्या पोटात जाणारी कुठली, हे आधी ठरवा. सुरी, कात्री, अडकित्ता हातातल्या पिशवीत चालत नाही. मोठ्या बॅगेत टाकावा. (आमच्याकडे अडकित्त्याशिवाय घराबाहेर न पडणारी दोन माणसं आहेत, म्हणून मुद्दाम सांगते.) तिखट आणि आंब्याचं लोणचंही मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत घट्ट बांधून. परदेशी जाणाऱ्यांनी हातातल्या पिशवीत १०० मिलीपेक्षा मोठी तेलाची, शांपूची बाटली ठेवूच नये. मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक मात्र याच्या नेमकी उलट, ती हातातल्या पिशवीतच हवी. तिने पेट घेतला तर वर माणसं विझवू तरी शकतात, खाली सामानात कुणाला कळणारही नाही.

आणि देवाचं सामान! तिरुपतीला निघालेल्या बाईच्या पिशवीत काडेपेटी नि कापूर असणारच. दोन्ही चटकन पेटणारे पदार्थ, त्यामुळे कुठल्याच बॅगेत चालत नाहीत. तिथे पोचल्यावर देवळाबाहेर विकत घ्या. सुक्या खोबऱ्याची वाटीही चालत नाही, हे ऐकून पुष्कळजणी चकित होतात. खोबऱ्यात तेल फार. कोंडलेल्या जागेत ते आपोआप तापत जातं नि पेट घेऊ शकतं, म्हणून जहाजांवरही ते धोक्याचा माल समजतात. आख्खा नारळही हातात नेऊ देत नाहीत. शबरीमलाच्या भक्तांना नोव्हेंबर २०२२ पासून जानेवारी २०२३ पर्यंत तेवढ्यापुरती सवलत दिली होती, त्यावरून नियम किती कडक आहे ते लक्षात येईल.

आता पडद्याआडचं. बायकांची झडती बाईच घेते, आणि आडोशाला घेते. हा उपकार नाही, नियम आहे. लाकडी पायरीवर उभं राहायचं, हात बाजूला पसरायचे, ती यंत्राची दांडी अंगावरून फिरवते, मग हाताने चाचपते. मंगळसूत्र, बांगड्या सहसा उतरवायला सांगत नाहीत. साडीला पिना मात्र मोजक्याच लावा, कारण प्रत्येक पिनेला ती दांडी ओरडते. खांद्याला एक, निऱ्यांना एक, पुरे.

ज्यांच्या अंगात शस्त्रक्रियेने काही बसवलेलं आहे, त्यांची गोष्ट वेगळी, आणि त्यासाठीच मी आज लिहायला बसले. गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन निघाले होते. त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले. विमानतळाचं नाव सांगत नाही. यंत्र वाजलं, आडोशातल्या मुलीने काही न बोलता त्यांची साडी वर सरकवायला सुरुवात केली. मी पडद्याबाहेर, आत सोडत नव्हते. मला फक्त सासूबाईंचा आवाज ऐकू आला. "पोरी, काय पाहायचं ते सांग, मी दाखवते. ओढाताण नको करू." चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, तिचा आवाज कापत होता. मी मोठ्याने म्हटलं, "ताई, त्यांचे गुडघे बदललेले आहेत, डॉक्टरांचा कागद माझ्याजवळ आहे." तेव्हा एक वयाने मोठी अधिकारी बाई आली. तिने कागद पाहिला, सासूबाईंना खुर्ची दिली, "आजी, आता मी गुडघ्यावर हात लावणार हं," असं प्रत्येक वेळी आधी सांगून तपासलं, एक कागदाची पट्टी त्यांच्या हातांवरून फिरवून यंत्रात घातली, नि दोन मिनिटांत मोकळं केलं. तपासणी तीच होती, बरं का. उलट दुसरीने जास्तच बारकाईने पाहिलं. पण सासूबाई पुढे दिवसभर बोलल्या त्या पहिलीबद्दल.

असं मोठमोठ्यांच्याही वाट्याला आलं आहे. मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन यांनी १९८१ च्या अपघातात पाय गमावला आणि जयपूर फूट लावून पुन्हा नाचल्या. विमानतळावर दर वेळी आपल्याला कृत्रिम पाय काढून दाखवायला लावतात, अशी कळकळीची तक्रार त्यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये केली, तेव्हा सीआयएसएफने जाहीर माफी मागितली. मार्च २०२२ मध्ये गुवाहाटीला खुब्यात रोपण असलेल्या, चाकाच्या खुर्चीवरच्या ८० वर्षांच्या आजींना कपडे उतरवायला लावल्याची तक्रार मुलीने केली, आणि त्या महिला शिपायाला निलंबित करण्यात आलं. म्हणजे तक्रार ऐकली जाते. आपण मात्र "जाऊ दे, विमान चुकेल" म्हणून गप्प बसतो.

तेव्हा गुडघा, खुबा, सळई, पेसमेकर, जे काही असेल त्याचा डॉक्टरांचा कागद पर्समध्ये वरच ठेवा आणि यंत्रात शिरण्याआधी सांगा. पेसमेकर असेल तर हाताने तपासा म्हणून सांगावं. आडोसा पुरेसा वाटत नसेल तर वेगळ्या खोलीत तपासणी मागावी. अशी मागणी करणं म्हणजे भांडण नव्हे. "आधी सांगा, मग हात लावा" हे वाक्य मराठीत, हिंदीत, कसंही म्हणता येतं. आणि त्या मुली तरी कुणाच्या? आठ-आठ तास उभ्या राहून शेकडो बायका तपासणाऱ्या. सीआयएसएफच्या पहिल्या संपूर्ण महिला बटालियनला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे, त्यात उद्या आपल्याकडच्याही लेकी असतील.

एक व्यवहाराची गोष्ट. आपण आडोशात असतो तेव्हा आपली पर्स यंत्रापलीकडे एकटीच पडलेली असते, आणि दागिने बहुधा तिच्यातच असतात, कारण मोठ्या बॅगेत ते कधी ठेवूच नयेत. बायकांची रांग लांब असेल तर पर्स आधीच पट्ट्यावर ढकलू नका. आपला नंबर जवळ आला की ठेवा. बरोबर यजमान असतील तर त्यांना आधी पलीकडे पाठवून पर्सवर लक्ष ठेवायला सांगा. मोबाइलवर बोलत उभं राहायला नाही, हेही सांगा.

शेवटी नाव. दारातला जवान तिकीट आणि ओळखपत्र शेजारी धरून बघतो. आधार कार्डावर लग्नानंतरचं नाव आणि मुलाने तिकीट काढलं माहेरच्या नावाने, किंवा उलट, असं आपल्याच बाबतीत होतं. पुरुषांना हा त्रास कुठला! तिकीट काढायच्या आधी मुलाच्या हातात आधार कार्ड द्या नि त्यावर आहे तसंच, अक्षरासकट, नाव घालायला लावा. "सौ." घालू नका. मूळ कार्ड पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात, आणि डॉक्टरांचा कागद त्याच्याच मागे.